घोड्याच्या अंगाची मालिश : अश्वपालकांनी काय जाणावे

(लोधीखेडा येथे अश्वपालक, ग्रामस्थ व शिक्षक यांच्या सभेत एका निवृत्त पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



सौंसर-पांढुर्ण्याचा हा भाग संत्र्यांचा, कापसाचा आणि बैलांचा. येथे पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लागते आणि पटाच्या बैलाच्या अंगाला वर्षभर तेल लागते. घोडा मात्र येथे थोड्यांच्याच दारी. असे असूनही आजच्या सभेला अश्वपालक एवढ्या संख्येने आले, ह्याचे मला कौतुक वाटते. वरातीची घोडी बाळगणारे आपणांत बरेच आहेत. काही तरुण मंडळींनी सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेतून शर्यतीसाठी आणि रवाल चालीसाठी घोडे आणले आहेत. टांगा हाकणारे दोघे-तिघे वडीलधारे समोर बसलेले दिसतात. एकेकाळी नागपूरच्या स्टेशनाबाहेर टांग्यांची रांग लागत असे. तो काळ आता गेला.

देशातच घोडा कमी होत चालला आहे. २०१२ सालच्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ सालच्या गणनेत ती साडेतीन लाखांच्या आत आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी संख्या घटली. म्हणून ज्यांच्या दारी आज घोडा आहे, त्यांनी तो नीट सांभाळणे अधिक अगत्याचे झाले आहे.

गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ‘साहेब, खेळाडूंना करतात तशी मालिश घोड्याला करावी काय? त्याने घोडा जास्त पळतो काय? लंगडणे बरे होते काय?’ २०२३ साली हांगझाऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या घोडेस्वारांनी ड्रेसाज प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. एकेचाळीस वर्षांनंतर घोडेस्वारीत मिळालेले ते सुवर्ण होते, आणि त्या चमूत आपल्याच राज्यातील इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून अशा घोड्यांची निगा कशी राखतात ह्याविषयी खेड्यापाड्यांतही कुतूहल वाढले आहे. ही चांगली गोष्ट आहे. परंतु कुतूहलाबरोबर काही भोंदूही येतात, म्हणून हा विषय मी निवडला.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, मालिश ही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. आपल्याकडे घोड्याला खरारा करण्याची चाल फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना घोड्यांना दिवसातून दोन वेळा स्नान घालण्याचा निर्देश आहे. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची एक परंपराच चालत आली. घोड्याच्या वैद्याला आपण ‘सालोत्री’ म्हणतो, तो शब्द ह्याच नावावरून आला. ग्रीक लेखक झेनोफन ह्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे की, घोड्याची पाठ कोणत्याही हत्याराने न घासता केवळ हातांनी, केसांच्या दिशेने चोळावी. आजही ह्यात फारशी दुरुस्ती करावी लागत नाही. अलीकडच्या काळात अमेरिकेतील जॅक मीघर ह्यांनी माणसांच्या मालिशीतील अनुभव घोड्यांना लागू केला. त्यांचे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर पाश्चात्त्य देशांत हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. जुन्या मोतद्दाराला जे हाताने ठाऊक होते, त्याला शरीरशास्त्राची जोड मिळाली, एवढाच काय तो फरक.

तेव्हा थोडे शरीरशास्त्र पाहू. ते कळल्याशिवाय हात कोठे ठेवावा आणि कोठे ठेवू नये हे कळणार नाही.

माणसाला गळ्याखाली दोन बाजूंना दोन हाडे असतात. त्यांनी हात धडाला जोडलेला असतो. घोड्याला हे हाड नाही. त्याचे पुढचे दोन्ही पाय धडाला केवळ स्नायू व त्यांच्या बंधांनी टांगलेले आहेत. झोळीत मूल ठेवावे तशी त्याची छाती दोन खांद्यांच्या मध्ये लोंबते म्हणा ना! आणि उभ्या घोड्याच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे साठ टक्क्यांपर्यंत, भार ह्याच पुढच्या पायांवर असतो. त्यावर आपण खोगीर घालतो, नवरदेव बसवितो, कधी त्याच्या मागे एखादे पोरही बसवितो. म्हणून खांद्याच्या मागचा भाग, मानेचे मूळ आणि मान जेथे पाठीला मिळते तो उंचवटा, एवढ्या जागी स्नायू थकून कडक झालेले आढळतात. पुढे नेण्याचे बळ मात्र मागच्या पुठ्ठ्यांत व मांड्यांत असते. घोडी मागच्या पायांवर नाचविली, तर पुठ्ठे आणि कंबर ह्यांवर जो ताण येतो तो शर्यतीच्या ताणाहून कमी नसतो. त्यातून ते नाचणे डांबरी सडकेवर, बँडच्या कर्कश आवाजात, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत चालते.

दुसरी गोष्ट अशी की, पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या ढोपराखाली घोड्याला मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. तेथे हाडे आहेत, कंडरा आहेत आणि कातडी आहे. पळताना सर्वांत अधिक दुखावतात त्या ह्याच कंडरा, विशेषतः पुढच्या पायाच्या नळीमागची. आपले लोक नेमके तेथेच दोन्ही अंगठ्यांनी रगडतात, कारण घोडा लंगडतो तो पाय तेथे सुजलेला दिसतो. हे अगदी चुकीचे आहे. ताज्या दुखावलेल्या कंडरेचे तंतू तुटलेले असतात. ते रगडल्याने सांधत नाहीत, अधिक तुटतात. अशा वेळी थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा सोडावी, घोडा बांधून ठेवावा आणि पशुवैद्याला बोलवावे.

आता मालिशीने काय होते ते सांगतो. घोडे कळपात एकमेकांची मान व पाठ दातांनी हलके खाजवितात, हे आपण पाहिलेच असेल. फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ साली असे दाखविले की, जेथे घोडे एकमेकांना खाजवितात त्या जागी, म्हणजे खोगिराच्या पुढच्या उंचवट्यापाशी, माणसाने हाताने चोळले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. घोडा शांत होतो. जो घोडा बँडला बिचकतो त्याच्या धन्याला ह्याचे मोल मी सांगायला नको. ह्याशिवाय कामानंतर आखडलेले स्नायू मोकळे वाटतात, पाऊल थोडे लांब पडते आणि रोज हात फिरविणाऱ्याला घोड्याच्या अंगावरची गाठ, गरम जागा किंवा खोगिराचा घाव आरंभीच सापडतो. माझ्या मते हा शेवटचा लाभ सर्वांत मोठा आहे.

मालिशीने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. मालिशीने तुटलेले सांधत नाही. हाडाचा, सांध्याचा किंवा खुराचा आजार बरा होत नाही. थकव्याने रक्तात साचलेले आम्ल मालिशीने ‘बाहेर पडते’ असे सांगतात, त्यातही तथ्य नाही. ते आम्ल शरीर स्वतःच तास-दीड तासात निकालात काढते, आणि घोडा सावकाश चालविला तर अधिक लवकर. शर्यतीत घोडा जिंकेल तो त्याच्या जातीने, खुराकाने, सरावाने आणि दैवाने. मालिशीवर पैज लावू नका.

आता एक घटना सांगतो. ती मी आजवर जाहीर सभेत सांगितलेली नाही.

१९८७ सालची लग्नसराई होती. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. एका गावात एका कुटुंबाकडे वरातीची पांढरी घोडी होती. घरच्या चौघांचे पोट तिच्यावर चाले. मधल्या काळात मुहूर्त नव्हते म्हणून घोडी आठ दिवस दावणीला उभी होती. पुढे सराईत कष्ट आहेत, म्हणून मालकाने मायेने तिचा हरभऱ्याचा तोबरा कमी केला नाही. नवव्या दिवशी तिला वरातीला नेले. अर्ध्या तासात घोडी घामाने भिजली, मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले आणि ती पुढे पाऊल टाकीना. मालकाचा मुलगा सायकलीवरून रात्री माझ्याकडे आला. मी जेवत होतो. त्याचे अर्धेमुर्धे ऐकून मी म्हणालो, ‘फार नाचविली असेल. तेल कोमट करून पुठ्ठे चांगले चोळा, थोडी फिरवा, सकाळी येतो.’

तिघा माणसांनी आळीपाळीने मध्यरात्रीपर्यंत घोडीचे पुठ्ठे रगडले. तिला ओढून अर्धा कोस चालविले. सकाळी मी गेलो तेव्हा घोडी आडवी होती आणि गोठ्यात काळ्या चहासारखे मूत्र पसरले होते. तिसऱ्या दिवशी सायंकाळी ती गेली. मालकाने अकरा वरातींचा विसार घेतलेला होता. तो त्याने घरोघरी जाऊन परत केला, त्यासाठी कर्ज काढले आणि त्या वर्षापासून तो दुसऱ्याच्या वावरात रोजाने जाऊ लागला. मला तो एवढेच म्हणाला, ‘साहेब, तुमी सांगतलं तसंच केलं.’

ह्या रोगाला इंग्रजी वैद्यकात पूर्वी ‘सोमवार सकाळचा रोग’ म्हणत, कारण रविवारी सुटी घेतलेले, पण पूर्ण दाणा खाल्लेले ओढीचे घोडे सोमवारी कामाला जुंपले की आखडून उभे राहत. ह्यात स्नायूंचे तंतू आतून फुटतात. त्यांतील तांबडे द्रव्य रक्तात मिसळून मूत्रपिंडांत उतरते व मूत्र काळपट होते. चोळल्याने आणि चालविल्याने अधिक तंतू फुटतात. त्या रात्री मी उठून गेलो असतो, तर घोडी वाचलीच असती असे मी म्हणत नाही. परंतु माझ्या सांगण्याने तिची वाट बंद झाली, हे खरे. म्हणून आज येथे बसलेल्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे : काम सुरू करताच घोडा घामाघूम होऊन आखडला, पुठ्ठे दगडासारखे लागले, मूत्र गडद दिसले, तर एक हातही लावू नका आणि एक पाऊलही चालवू नका. जेथे असेल तेथेच उभा ठेवा, सावली करा, पाणी पाजा, थंडी असेल तर पाठीवर घोंगडी टाका आणि पशुवैद्याला तेथेच बोलवा. १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. सुटीच्या दिवशी दाणा निम्म्यावर आणा, चारा मात्र भरपूर द्या, आणि घोडा दिवसभर बांधून न ठेवता थोडा तरी फिरवा. तो अनर्थ ह्या एवढ्या काळजीने टळू शकला असता.

म्हणून मालिशीपूर्वी घोड्याची परीक्षा हवी. निरोगी, विश्रांत घोड्याचे तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असते. नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटे टेकली की दोरीसारखी रक्तवाहिनी लागते, तेथे नाडी मोजावी. येथील शिक्षकांना माझी सूचना आहे की, घड्याळ लावून नाडी मोजण्याचा पाठ एखाद्या दिवशी घोड्याजवळच घ्यावा. मुलांना गणितही येईल आणि घरच्या जनावराकडे पाहण्याची दृष्टीही येईल. ताप असेल, पोटशूळ असेल, जखम किंवा गरम सूज असेल, अंगावर नायट्यासारखे चट्टे असतील, खुरांत उष्णता असून घोडा पुढचे पाय पुढे ताणून उभा राहत असेल, तर मालिश नाही. गाभण घोडीच्या पोटावर आणि कमरेवर दाब देऊ नये. यात्रेतून ट्रकमध्ये रात्रभर उभ्याने आणलेल्या घोड्यालाही उतरल्याबरोबर रगडू नये. त्याला आधी पाणी, चारा व विश्रांती द्यावी आणि दोन-तीन दिवस तापमान पाहावे, कारण प्रवासाने फुप्फुसाचा ताप येतो तो पुष्कळदा नंतर उघडकीस येतो.

ह्याच ठिकाणी ग्लँडर्स रोगाविषयी बोलणे भाग आहे. २००६ साली महाराष्ट्रात पुणे व पाचगणी भागात हा रोग आढळला आणि त्यानंतर देशाच्या अनेक राज्यांत त्याचे घोडे सापडले. नाकातून चिकट स्राव, नाकाच्या आत व्रण, मागच्या पायाच्या आतल्या बाजूला ओळीने उठलेल्या आणि फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणे होत. तो माणसालाही होतो आणि जीवघेणा ठरू शकतो. आता विचार करा, गावोगाव फिरून मालिश करणारा माणूस एकच खरारा, एकच फडके आणि न धुतलेले हात घेऊन दहा तबेल्यांत जातो. अशा माणसाने रोग पसरविण्यास कितीसा वेळ लागेल? प्रत्येक घोड्याचा खरारा व फडके वेगळे ठेवा, बाहेरच्या माणसाला साबणाने हात धुतल्याशिवाय घोड्याला हात लावू देऊ नका. संशय आल्यास पशुवैद्यक रक्ताचा नमुना हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे तपासणीस पाठवितात. ह्या रोगाची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे. रोगी घोड्याला दयामरण द्यावे लागते, मात्र त्यासाठी मालकाला नुकसानभरपाईची तरतूद आहे. लपविण्यात कोणाचेच हित नाही.

आता प्रत्यक्ष कृती. घोडा काम करून आल्यावर त्याला पंधरा-वीस मिनिटे सावकाश फिरवावे. श्वास व नाडी पूर्ववत झाली, घाम वाळला आणि खरारा करून धूळ निघाली की मालिश सुरू करावी. धूळ तशीच ठेवून चोळले तर ती कातडीत घुसते. मोरकी एका ओळखीच्या माणसाच्या हातात द्यावी. अगाडी-पिछाडीने जखडून मालिश करू नये, कारण दुखले तर ते दाखविण्याची मोकळीक घोड्याला असली पाहिजे. उभे राहावे ते खांद्याच्या बाजूला, मागच्या पायांच्या रेषेत कधीही नव्हे, आणि एक हात सतत अंगावर असावा, म्हणजे आपण कोठे आहोत हे त्याला कळत राहते.

पहिली दोन-तीन मिनिटे नुसता तळवा केसांच्या दिशेने फिरवावा. हाताच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. ह्या काळात आपला हात घोड्याला ओळखतो आणि घोडा आपल्या हाताला. त्यानंतर मानेपासून खांद्याकडे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मग पुठ्ठा व मांडी असा क्रम ठेवावा. मांसल भाग कणीक तिंबावी तसा तळव्याने दाबून, थोडा उचलून सोडावा. माता-भगिनींना ह्यात पुरुषांपेक्षा लवकर हातोटी येते, असा माझा अनुभव आहे. पुरुष जोर लावतात. पुठ्ठ्यावर शेवटी हात किंचित पोकळ करून भाकरी थापावी तसे हलके थापटावे, त्याने कातडीत रक्त खेळते. कण्याच्या हाडावर, खांद्याच्या हाडाच्या टोकावर, पोटावर आणि आधी सांगितल्याप्रमाणे गुडघा-ढोपराच्या खाली दाब देऊ नये. एका बाजूला दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे सारे मिळून अर्ध्या तासाच्या आत हे काम उरकते. तास तास रगडण्याने घोड्याचे हित होत नाही. मालकाचे समाधान तेवढे होते.

किती दाब द्यावा, हे घोड्यालाच विचारावे. त्याला बरे वाटले म्हणजे मान खाली येते, खालचा ओठ सैल पडतो, डोळे अर्धवट मिटतात, तो जबडा हलवितो, कधी जांभई देतो. दुखले म्हणजे कान मागे पडतात, शेपटी फटकारली जाते, कातडी थरथरते, तो पाय उचलतो किंवा मान वळवून दात दाखवितो. अशा घोड्याला ‘खोडी’ म्हणून चापट मारणारे मी पाहिले आहेत. तो खोडी काढीत नसतो, दुखते ती जागा सांगत असतो. तेथे दाब कमी करावा. दुसऱ्या दिवशीही तेथेच दुखले तर पशुवैद्याला दाखवावे.

आणि त्याआधी खोगीर उलटे करून पाहावे! पाठ दुखण्याचे कारण दहांतील निम्म्या वेळा खोगिराखाली सापडते. गादी एका बाजूला बसलेली असते, जरीच्या झुलीची शिवण आत टोचत असते, तंग एवढा आवळलेला असतो की दोन बोटे आत जात नाहीत. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचा ठिपका उगवला असेल, तर तेथे खोगिराने पूर्वी घाव केला आहे असे समजावे. तीच गोष्ट नालांची. सहा आठवड्यांनी नालबंद आला नाही, खुराचे टोक वाढले, की चाल बिघडते आणि खांदा आखडतो. मग खांदा कितीही चोळा, व्यर्थ आहे. ज्याला महिन्याचा खर्च एकाच गोष्टीवर करता येतो, त्याने तो मालिशवाल्यावर न करता नालबंदावर करावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

तेलाविषयी पुष्कळ प्रश्न येतात. साधी मालिश कोरड्या हाताने उत्तम होते. तेल लावले तर फार थोडे, आणि नंतर पुसून काढावे, नाहीतर धूळ चिकटते, खोगीर घसरते आणि उन्हात कातडी पोळते. रॉकेल, टर्पेंटाइन, मिरचीचे किंवा बिब्ब्याचे तेल हे प्रकार सर्वस्वी वर्ज्य समजावेत. त्यांनी कातडीवर फोड येतात, आणि त्या आगीने मूळचे दुखणे घोडा विसरतो म्हणून ‘गुण आला’ असे वाटते. डागणे हा त्याचाच थोरला भाऊ. त्याने लंगडणे बरे होत नाही. घोड्याला विनाकारण यातना होतात, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा बडगाही डागणाऱ्यावर येऊ शकतो. स्पर्धेतील घोड्यांसाठी तर झोंबणारी मलमे अपात्रतेला निमंत्रण ठरतात. २००८ सालच्या ऑलिंपिकमधील घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या. तेथे काही घोड्यांच्या तपासणीत मिरचीतील दाहक द्रव्य आढळले आणि त्यापायी नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. भिवापुरी मिरची भाजीत असावी, घोड्याच्या पायाला नसावी.

शर्यतीच्या किंवा वरातीच्या दिवशी काय करावे? कामापूर्वी लांब मालिश करू नये. त्याने घोडा सुस्तावतो. पाच-सात मिनिटे भरभर हात फिरवावा आणि मग दहा-पंधरा मिनिटे चालवून, थोडी दुडकी देऊन अंग गरम करावे. अंग तापविण्याचे काम चालण्याने होते, हाताने होत नाही. पंढरीच्या वारीतील माउलींचे अश्व आठवा. ते बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून पायी आळंदीला येतात आणि तेथून पालखीबरोबर पायीच पंढरपूरकडे जातात. रिंगणात ते वाऱ्यासारखे धावतात, पण त्याआधी त्यांचे पाय दिवसेंदिवस चालत आलेले असतात. आपण मात्र घोडा टेंपोतून उतरवितो आणि उतरताक्षणी बँडपुढे नाचवितो. ज्या घोड्याला कधी मालिश केली नाही, त्याला ती प्रथम स्पर्धेच्या दिवशी करू नये, हेही सांगून ठेवतो.

शहरांत आता ‘अश्व-मालिश तज्ज्ञ’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. त्यांतील काही जण खरोखर शिकलेले आहेत व त्यांच्या हाताला गुण आहे. परंतु रोगाचे निदान करणे, औषध देणे, सुई टोचणे हा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यान्वये नोंदणीकृत पशुवैद्यकाचाच आहे. चांगला मालिशवाला स्वतःच म्हणतो, ‘ही जागा गरम लागते, आधी डॉक्टरांना दाखवा.’ जो असे कधीच म्हणत नाही, एका बैठकीत लंगडा घोडा पळविण्याची हमी देतो आणि हातातील पिशवीतून सुई काढतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. अडचणीच्या घोड्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. आपल्या राज्यातील जबलपूरचे महाविद्यालय लांब पडते, पण तेथेही जाता येते.

येथे उपस्थित असलेल्या अधिकारी मंडळींना एक विनंती आहे. यात्रा, पट, लग्नसराई ह्या दिवसांत जनावरांसाठी सावली व पाण्याचे हौद ह्यांची सोय आधी व्हावी. वैशाखात आपल्याकडचे ऊन किती असते ते मी आपणांस सांगावे असे नाही. तहानलेल्या, घामाने क्षार गेलेल्या घोड्याचे स्नायू आखडतात. त्याला मीठ आणि पाणी पाहिजे असते, मालिश नव्हे. आणि नाल ठोकताना किंवा खिळा रुतून झालेली जखम लहान दिसली तरी धनुर्वाताची लस दिलेली आहे ना, हे पाहावे. घोडा ह्या रोगाला सर्व पाळीव जनावरांत अधिक बळी पडतो.

बोलणे बरेच झाले. हे काम ऐकून येत नाही, हाताने करूनच येते. समोर कडुनिंबाखाली जी तांबडी घोडी बांधली आहे, तिच्या मालकाने ती आपल्या शिकण्यासाठी दिली आहे. सभेपूर्वी मी तिचे तापमान घेतले, ते अडतीस भरले. नाडी छत्तीस आहे. डाव्या खांद्यामागे, तंग बसतो तेथे, तिला किंचित दुखते. ती जागा कोणती हे मी दाखविणार नाही, ते आपण आपल्या तळव्याने शोधावयाचे आहे. बादलीत पाणी व साबण ठेवला आहे. हात धुऊन दोघे-दोघे या. लहान मुलांनी ओट्यावरच बसावे, आणि कोणीही तिच्या मागून येऊ नये.